तांडेलाच्या डोळ्यातली हळद

कॉन्टॅक्ट लेन्स बसवायचं काम मी आयुष्यभर केलं आणि स्वतः मात्र शेवटपर्यंत चष्माच लावला. लोक हसायचे. हलवाई कधी स्वतःची मिठाई खातो का, असं विचारून मी विषय संपवायची. खरं कारण एवढंच, की दिवसभर दुसऱ्यांच्या पापण्या वर-खाली ओढल्यावर घरी आल्यावर स्वतःच्या डोळ्याला हात लावायचाही मला कंटाळा यायचा. त्यात माझा स्वभाव तापट. लेन्स पहिल्या फटक्यात बसली नाही तर मी आरसाच फोडला असता.

आता निवृत्त झालेय. कुणी विचारलं, की बाई, एवढी वर्षं काय केलंत, तर मी सांगते, माणसांना डोळे मिटू नका म्हणून ओरडत होते. ऐंशीच्या दशकात अंधेरी पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी पहिल्या मजल्यावर आमचा दवाखाना होता. डॉक्टर सामंत मालक नि डोळ्यांचे सर्जन, मी त्यांची लेन्सवाली बाई. डॉक्टर शांत. एवढे शांत, की त्यांच्या शांतपणाचाच मला राग यायचा. दुपारच्या जेवणानंतर त्यांना पान लागायचं. पितळी डबा उघडून पानाला चुना लावत बसायचे, आणि बाहेर पेशंट ताटकळत असले तरी त्या पाच मिनिटांत त्यांना कुणी हाक मारायची नाही.

त्या काळी मऊ लेन्स म्हणजे अपूर्वाईची चीज होती. आजच्यासारखी वापरली नि फेकून दिली अशी नाही. एक जोडी वर्ष-दीड वर्ष जपायची. लेन्स हातात घेऊन पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: भिजवलेल्या साबुदाण्यासारखी लिबलिबीत, नखाएवढी वाटी. तिच्यात अर्ध्याच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळे ती मऊ, आणि त्याचमुळे भोळीही. शेजारी जे असेल ते पिऊन टाकते. अत्तर म्हणू नका, काजळ म्हणू नका, बोटाला लागलेलं काहीही. म्हणून रोज रात्री ती काढायची, तळहातावर औषधाचे थेंब टाकून बोटाने चोळायची, खारं पाणी भरलेल्या डबीत ठेवायची आणि डबी विजेच्या छोट्या यंत्रात उकळायची. हे सगळं मी दिवसातून कितीदा समजावत असेन देव जाणे. घरी झोपेतही बडबडायची म्हणे. आमचे हे म्हणायचे, "अगं, मी रोज चोळतोय, आता झोपू दे."

तर एका वर्षी डॉक्टरांनी एका परदेशी लेन्स कंपनीचा अभ्यास अंगावर घेतला. कंपनीकडे दोन तऱ्हेच्या मऊ लेन्स होत्या आणि आपल्याकडच्या हवेत, घामात, धुळीत कुठली चांगली टिकते ते तिला पाहायचं होतं. लांबचा नंबर असलेली मोठी माणसं घ्यायची आणि प्रत्येकाच्या एका डोळ्यात एक तऱ्हा, दुसऱ्या डोळ्यात दुसरी. माणूस तोच, धूळ तीच, झोप तीच, म्हणजे तुलना चोख. एकाच चुलीवर दोन पिठांच्या भाकऱ्या भाजून बघाव्या तसं. बाटल्यांवर नाव नाही, नुसती खूण: गोल आणि चौकोन. कुठली लेन्स कुठली ते पेशंटला माहीत नाही, मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. लेन्स फुकट, औषधं फुकट, तपासणी फुकट. माणसं भराभर मिळाली.

मिळाली खरी, पण आपली माणसं ती. कंपनीच्या साहेबांना काय कल्पना! घाटकोपरचे एक कापडाचे व्यापारी होते. एकात एक नि दुसऱ्यात दुसरी, हे ऐकल्याबरोबर त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की एक अस्सल आहे आणि एक हलकी. दर खेपेला माझ्या कानाशी येऊन विचारायचे, "बेन, अच्छावाला कौनसा?" मला माहीत नाही म्हटलं की मान डोलवायचे, म्हणजे माहीत आहे पण सांगत नाही, धंदा आहे, समजलं. शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं, की शुभ ती उजवीच. मग दुकानात ते कापडाचा पोत बघताना डावा डोळा मिटून घ्यायला लागले. गिऱ्हाइकं बिचकायला लागली, शेठ डोळा का मारतात म्हणून. त्यांच्या बायकोने येऊन माझ्याशी भांडण काढलं.

मुलुंडच्या एक शाळामास्तरीण बाई तर त्याहून भारी. त्यांच्या डाव्या डोळ्यातली लेन्स जरा हलायची, पापणीला टोचायची, आणि डोळा फडफडायचा. मला तपासताना स्पष्ट दिसत होतं. मी विचारलं, त्रास होतो का? छे, अजिबात नाही. पुन्हा विचारलं. छे. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला तेव्हा हळूच म्हणाल्या, "अहो, बाईमाणसाचा डावा डोळा लवतोय. ह्यांची बढती अडकली आहे. एवढी होऊन जाऊ दे, मग काढा." आता हे मी कंपनीला इंग्रजीत कसं कळवणार? मी "किंचित हालचाल, तक्रार नाही" असं लिहिलं. बढती झाली, बरं का. बाई पेढे घेऊन आल्या आणि लगेच म्हणाल्या, आता बघा हो ही लेन्स, जीव नकोसा केलाय.

पण मला सांगायचंय ते काशिनाथचं.

काशिनाथ मढचा कोळी. डॉक्टर मढला डोळे तपासायचं शिबिर घ्यायचे, तिथे तो सापडला. तिशीच्या आतला, अंगाने दणकट, बोलायला एकदम मऊ. दोन्ही डोळ्यांचा नंबर चारच्या आसपास. म्हणजे वीतभर पलीकडचं सगळं धूसर. त्याचा बाप त्यांच्या होडीचा तांडेल होता, म्हणजे सुकाणू धरणारा, होडी कुठे न्यायची ते ठरवणारा. बापाचे गुडघे गेले आणि सुकाणू मुलाकडे यायची वेळ आली. होडीचा मालक काशिनाथचा थोरला काका, त्याला ते नाखवा म्हणतात. काका सरळ बोलणारा. आदल्या हंगामात काशिनाथने चष्मा लावून सुकाणू धरलं होतं. समुद्रावर चष्मा म्हणजे काय ते मला त्याने समजावलं: खारे शिंतोडे उडतात, पुसले की काचेवर मिठाचा पापुद्रा धरतो, आणि नेमकं किनाऱ्यावरच्या खुणा बघायच्या वेळी समोर दुधाचा पडदा. एकदा होडी खडकाला घासून गेली. आत सहा माणसं होती. काकाने सांगून टाकलं होतं, या हंगामात तुला दिसलं तर सुकाणू तुझं, नाहीतर मी वर्सोव्याहून तांडेल आणतो.

म्हणजे बाकीच्यांना लेन्स नटायला हवी होती, नाहीतर फुकट मिळते म्हणून. याच्या घरात तीन पिढ्या सुकाणू होतं, आणि ते राहतं की जातं हे याच्या डोळ्यांवर लटकलेलं. विकत घ्यायची तर ऐपत नव्हती. डॉक्टरांनी त्याला अभ्यासात घेतलं.

अभ्यासाचा एक नियम होता. लेन्स घालणं आणि काढणं ज्याचं त्याला स्वतःला आलं पाहिजे. आमच्यासमोर घालून दाखवायची, काढून दाखवायची, मगच घरी न्यायची. कारण साधं: डोळ्यात काही गेलं, डोळा लाल झाला, तर ती क्षणात काढता आली पाहिजे. काशिनाथ पहिल्यांदा आला तेव्हा आषाढ चालू होता. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्र बंद, हा जाळी विणत घरी बसलेला. त्याने दोन-चार खटपटींत लेन्स घातली. मला वाटलं, शाब्बास! लेन्स घालून तो आमच्या खिडकीशी गेला आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचली. मग तिच्या वरची वाचली. मग त्या इमारतीच्या गच्चीत वाळत घातलेले कपडे मोजायला लागला. मी म्हटलं, पुरे, लोक काय म्हणतील?

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या, सुकाणू काशिनाथकडे आलं. तपासणीला यायचा तेव्हा खुशीत असायचा. कंपनीचा प्रश्न असायचा, सकाळी घातल्यापासून किती तास बरं वाटतं? हा उत्तर भरती-ओहोटीच्या हिशेबात द्यायचा. उधाणाच्या दिवसांत अमुक वेळ, भांगाच्या, म्हणजे भरतीचा जोर कमी असतो त्या दिवसांत तमुक. त्यांची होडी भरतीच्या वेळेनुसार निघते आणि ती वेळ रोज पुढे सरकते, हे त्याने मला शिकवलं, आणि मी ते तासांत बसवताना घाम गाळला.

मग एके दिवशी मी त्याच्या लेन्स काढून भिंगाखाली धरल्या, आणि दोन्ही पिवळ्या.

नुसत्या मळकट नव्हेत. चांगल्या पिवळ्या, केशरी भातासारख्या. गोल खुणेचीही आणि चौकोन खुणेचीही. मी डॉक्टरांना दाखवल्या. डॉक्टरांनी बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या त्या शांत आवाजात विचारलं, लेन्स डोळ्यात असताना रंग टाकलात का? आता हे काय ते सांगायला हवं. बुबुळावर ओरखडा आहे का ते बघायला आम्ही डोळ्यात एक पिवळा रंग टाकतो. पण मऊ लेन्स डोळ्यात असताना तो टाकायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. टाकला की लेन्स रंग पिते आणि मेली. म्हणजे डॉक्टर मला विचारत होते, की एवढ्या वर्षांनी तुम्ही बालवाडीतली चूक केलीत का?

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या हातून हे होणं शक्य नाही, आणि तुम्हाला तसं वाटत असेल तर उद्यापासून दुसरी बाई बघा. डॉक्टर म्हणाले, मी फक्त विचारलं. म्हटलं, तेच तर! काशिनाथ बिचारा खुर्चीत बसून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. लेन्स काढलेली, त्यामुळे त्याला आम्ही दोन धुरकट आकार दिसत असणार, त्यातला एक हातवारे करणारा.

रागाच्या भरात माझं लक्ष टेबलावरच्या पानाच्या डब्याकडे गेलं. आणि मला माझी आजी आठवली नाही की आई आठवली नाही, माझी स्वतःची साडी आठवली. आदल्या आठवड्यात पदरावर आमटी सांडली होती, मी साबण लावला आणि डाग पिवळ्याचा लाल झाला. हळदीचा डाग साबणाने लालच होतो. चुन्याने तर कुंकूच. हे आपल्याकडे कुठल्या बाईला माहीत नाही? त्या लेन्स तशाही वाया गेल्या होत्या. मी एक लेन्स बशीत ठेवली, डॉक्टरांच्या डब्यातला बोटभर चुना पाण्यात कालवला आणि त्याचा थेंब तिच्यावर सोडला. बघता बघता लेन्स लाल झाली, अगदी सवाष्णीच्या कपाळासारखी.

डॉक्टर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, हळद. मी म्हटलं, हळद. एवढंच. माफी वगैरे मागणाऱ्यातले ते नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने पान लावून मला दिलं. मी पान खात नाही. तरी खाल्लं.

पण मग प्रश्न आला, तांडेलाच्या हाताला हळद कुठून? होडीवर तो सुकाणू धरतो, घरी येऊन जेवतो, झोपतो. जेवून हात धुता का, विचारलं. धुतो म्हणाला. हात दाखवा म्हटलं. त्याने दाखवले. हंगाम सुरू होऊन दोन महिने झाले होते. दोरखंडांनी, खाऱ्या पाण्याने बोटं फाटली होती. टोकांना घट्टे, घट्ट्यांना भेगा, आणि भेगांच्या कडा खरखरीत, सुकलेल्या चिंचेच्या सालीसारख्या. या बोटांवर मऊ लेन्स ठेवली की फाटणारच. हळदीचा मात्र त्या हातांवर मागमूस नव्हता. मी नवी लेन्स काढली आणि म्हटलं, घालून दाखवा.

त्याने घेतली नाही. मान खाली घातली आणि बाहेरच्या बाकाकडे बघायला लागला. बाहेर त्याची बायको बसली होती, मंजुळा. दर खेपेला सोबत यायची, मढहून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने वर्सोवा, तिथून बसने अंधेरी. मला वाटायचं, बाजार करायला येत असेल. तिला आत बोलावलं. ती आली, परिस्थिती ओळखली आणि दोन्ही हात माझ्यासमोर उलगडून धरले. तळवे पिवळेधमक. होडी परत आली की संध्याकाळी घरच्या मासळीला हळद-मीठ लावायचं काम तिचं. मग त्याच हातांनी, साबणाने खसखसून धुऊन, ती नवऱ्याच्या लेन्स काढायची, तळहातावर चोळायची, उकळायची. आणि पुन्हा होडी निघायच्या वेळी, ती वेळ कुठलीही असो, उठून त्याच्या डोळ्यांत घालायची. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या बोटांनी एक लेन्स फाटली, तेव्हापासून हे चालू होतं. आम्हाला त्याने सांगितलं होतं, की लेन्स धुताना निसटली. कधी कधी झोंबायचं, पण बोललो नाही, म्हणाला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे तुला स्वतःला घालता-काढता येत नाही. नियमाप्रमाणे तू अभ्यासात राहू शकत नाहीस.

काशिनाथने खिशातून लेन्सची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. भांडला नाही, गयावया केली नाही. उठला. मला अजून आठवतं, उठताना त्याने खुर्ची सरळ करून ठेवली. मंजुळाने मात्र डबीवर हात ठेवला. तिची बोली मला काही जमत नाही, पण ती म्हणाली ते असं होतं: "हात माझे पिवले, डाक्टर. त्याला कशाला काढता? त्याचा सुकानू जाईल."

मग मी बोलले. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, नियम कशासाठी आहे? डोळा लाल झाला तर लेन्स लगेच काढता यावी यासाठी. मग ती कुणी काढली याच्याशी बुबुळाला काय देणंघेणं? डॉक्टर म्हणाले, समुद्रावर डोळा लाल झाला तर ही तिथे असेल का? डॉक्टर बरोबर होते, आणि त्याचाच मला संताप आला.

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. परत आले. म्हणाले, कंपनीला खरं ते कळवायचं. हा अभ्यासातून बाहेर, लेन्स कंपनीला परत. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी औषधाची चिठ्ठी सांगावी तसं म्हणाले, "अभ्यासातून काढलाय. दवाखान्यातून कुणी काढलाय? आपल्या पेटीत याच्या नंबरची जोडी बघा."

आमच्याकडे मापं घ्यायला लेन्सची एक पेटी असायची. कंपनीची नव्हे, दवाखान्याची. मी ती अख्खी उपसली. अगदी तोच नंबर नव्हता, पण जवळचा सापडला, आणि दोन्ही डोळ्यांत एकाच तऱ्हेची. घातल्यावर काशिनाथ पुन्हा खिडकीशी गेला. या खेपेला काही मोजलं नाही. तिथेच उभा राहून त्याने बाहीने गाल पुसले. मी म्हटलं, पुसू नकोस, लेन्स हलेल. तोपर्यंत माझ्याही चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या.

डॉक्टरांनी अटी घातल्या. होडीवर स्वच्छ पाण्याची बाटली आणि जुना चष्मा ठेवायचाच. डोळा जराही लाल झाला तर फाटली तरी चालेल, चिमटीत धरून लेन्स काढून टाकायची. काढताना फाटलेली परवडली, घालताना नको. ते काढणं त्यांनी त्याच्याकडून समोर करून घेतलं, फाटक्या बोटांनी. एक लेन्स खरोखरच फाटली, तिच्या जागी मी पेटीतून दुसरी काढली. डॉक्टर म्हणाले, झकास, असंच. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

आणि मंजुळाला माझ्या ताब्यात दिलं. मी तिला बाकीच्या पेशंटांपेक्षा कडक शिकवलं. नखं कापायला लावली, साबण कसा लावायचा, बोटांच्या बेचक्या कशा घासायच्या, हात धुतल्यावर पदराला पुसायचे नाहीत, सगळं. पण हळदीचं काय करायचं? हळद कातडीत मुरते, ती एका धुण्याने जात नाही. मी सांगितलं, हंगामभर हळदीला हात लावायचा नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. कोळ्याच्या घरात मासळीला हळद लावायची नाही?

तोडगा तिच्या सासूने काढला, तोही शिव्या घालत. मंजुळा मला नंतर सांगायची. सासूने अख्ख्या गल्लीत बोंब मारली, की आजवर सुना हळद लावायच्या, आता सून राणी होऊन बसते आणि सासू हळद लावते, काय हे दिवस! पण रोज संध्याकाळी मासळीच्या पाटीजवळ तीच बसायची, आणि मंजुळा जवळ आली की ओरडायची, दूर हो, माझ्या पोराचा डोला खराब करशील. होडी सुटायच्या आधी सुनेचे तळवे उजेडात धरून बघायचीसुद्धा. माझ्यापेक्षा कडक तपासणी व्हायची तिथे.

काका वर्सोव्याहून तांडेल आणायला गेला नाही. हंगाम पार पडला, होडी कुठे घासली नाही.

अभ्यास संपला त्याची गंमत सांगते. कंपनीने शेवटी कळवलं, की गोल आणि चौकोन यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. घाटकोपरच्या शेठना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, बेन, मला फसवू नका, उजवीच चांगली होती. पुढे दोन्ही तऱ्हा बाजारातून गेल्या, नव्या आल्या, मग रोज फेकून द्यायच्या आल्या. आम्ही एवढं जिवाचं रान करून तपासलेल्या त्या लेन्स आज कुणाच्या ध्यानीमनीही नसतील. थोडं वाईट वाटतं. हळदीबद्दल डॉक्टरांनी कंपनीला सविस्तर लिहिलं होतं, त्यावर काहीच उत्तर आलं नाही. त्यांच्याकडे हळद म्हणजे काय हेच बहुधा समजलं नसावं.

पुढच्या पावसाळ्यात, होड्या बंद असताना, मी काशिनाथला पुन्हा बोलावून घेतलं. माझ्या मनात एक सलत होतं. हा माणूस बायको आजारी पडली, माहेरी गेली, तर काय करणार? त्याचे हात नीट बघितले. तर्जनी, मधलं, अंगठा, सगळे दोरखंडाला लागणारे. पण डावी करंगळी! ती दोराला लागतच नाही. तिचं टोक लहान मुलासारखं मऊ. मग मी त्याला करंगळीवर लेन्स घेऊन घालायला शिकवलं. जगात असं कुणी घालत नसेल. आठवडाभर तो दवाखान्यात येऊन करंगळी ताठ धरून बसायचा, मी ओरडायची, तो हसायचा. आणि जमलं. घालायला आणि काढायला, दोन्ही. मला एवढा अभिमान वाटला, की मी घरी जाऊन सगळ्यांना करंगळीने लेन्स घालायची नक्कल करून दाखवली.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पुन्हा पहिल्यांदा निघाली, तेव्हा त्यांनी मला मढला बोलावलं. मी पहाटे वर्सोव्याहून तरीने गेले. होडीला नवा रंग, झेंडूच्या माळा, काका पुढच्या टोकाशी विडी ओढत बसलेला. सासूबाईंनी मला बघितल्याबरोबर हातात चहाचा पेला दिला आणि हळदीची तक्रार सुरू केली. आणि काशिनाथ कुठे? तर घराच्या पायरीवर बसलेला, मान वर करून, आणि मंजुळा त्याच्यासमोर वाकून त्याच्या डोळ्यांत लेन्स घालत होती. पहिली उजवी, मग डावी, मी शिकवलं होतं तसं. मग तो उठला, मला नमस्कार केला, होडीत चढला आणि सुकाणू धरून बसला. होडी खडक चुकवून बाहेर पडली. वळण इतकं सफाईने घेतलं, की किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनीही माना हलवल्या.

माझा मात्र पारा चढला होता. माणसं पांगल्यावर मी मंजुळाला धरलं. म्हटलं, आठवडाभर माझा घसा बसला त्याला शिकवताना. त्याचं त्याला येतंय की नाही? मग तू अजून का उठतेस भलत्या वेळी?

ती होडीकडेच बघत होती. म्हणाली, "येतंय की त्याला, बाय. चांगलं येतंय. पन सुकानू धरला की त्याला खडक दिसतात, खुना दिसतात, अख्खा समिंदर दिसतो. लेन्स घालताना एकटी मीच दिसते. तेवढं ऱ्हाऊ द्या."

धंद्याच्या हिशेबाने तिचं म्हणणं चोख होतं. चारचा नंबर असलेला माणूस लेन्सशिवाय वीतभर अंतरावरचंच स्पष्ट बघतो, आणि लेन्स घालणाऱ्याचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो.

मी राहू दिलं.